हळद्या एक की दोन? प्रजाती ‘वेगळी’ कधी ठरते

रानवाट

दर ऑक्टोबरमध्ये पक्षिनिरीक्षकांच्या ग्रुपवर एक भांडण ठरलेलं. पक्षिप्रजातींच्या जागतिक यादीचं नवं अद्यतन येतं, कुणाच्या ‘पाहिलेल्या पक्ष्यां’च्या खात्यात घरबसल्या दोन पक्षी वाढतात, कुणाचा एक कमी होतो. मग ज्याचा कमी झाला तो शास्त्रज्ञांच्या नावाने बोटं मोडतो.

यंदा ग्रुपवर विषय निघाला हळद्याचा, म्हणजे त्या पिवळ्याधमक पक्ष्याचा. साइक्स नावाचा एक कर्नल मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खन पालथं घालत होता. त्याने १८३२ मध्ये इथल्या पक्ष्यांची यादी छापली आणि आपल्या हळद्याला ‘ओरिओलस कुंडू’ असं नाव दिलं. युरोपातल्या हळद्याचं नामकरण लिनिअस या वर्गीकरणशास्त्रज्ञाने १७५८ मध्येच करून ठेवलेलं होतं. पुढे विसाव्या शतकातल्या पंडितांनी ठरवलं की दोघांत फार फरक नाही, तेव्हा कुंडू ही युरोपीय पक्ष्याची एक उपप्रजाती. आणि गेल्या वीसेक वर्षांत बहुतेक याद्यांनी कुंडूला परत स्वतंत्र केलं. म्हणजे साइक्सचं नाव धूळ झटकून पुन्हा वापरात.

फरक काय, तर नराच्या डोळ्यातून जाणारी काळी रेघ. युरोपीय पक्ष्यात ती डोळ्यापाशी थांबते, आपल्यात डोळ्याच्या मागेही थोडी जाते. पंखावरचा पिवळा डाग आपल्याकडे मोठा. शिवाय पंखाच्या पिसांच्या लांबीचं प्रमाण वेगळं. दुर्बिणीतून रेघ आणि डाग दिसतात, बाकीचं हातात पक्षी असल्याशिवाय नाही.

या दोनशे वर्षांत पक्षी तोच आहे, तेच पिंपळ-आंबे, तीच शीळ. मग एकदा दोन, मग एक, मग परत दोन, हे काय गौडबंगाल आहे? कुणी जाणकार समजावून सांगेल का? शाळेतली ‘ज्यांच्या संकरातून प्रजननक्षम संतती होते ती एक प्रजाती’ ही व्याख्या पाठ आहे, पण ती इथे लावायची कशी?

---

मुकादम

गौडबंगाल कसलं? यादी करणाऱ्यांना काम नको का! एकाचे दोन केले की शोधनिबंध, दोनाचा एक केला की आणखी एक शोधनिबंध.

ग्रेट डेन आणि चिवावा शेजारी उभे करा. एक वासराएवढा, दुसरा पिशवीत मावणारा. ते म्हणे एकच प्रजाती. आणि डोळ्यामागे अर्धा सेंटिमीटर काजळ वाढलं म्हणून हळद्याचे दोन. मला तरी यात शास्त्र कमी आणि हौस जास्त दिसते.

---

झिपरी

खूण म्हणून प्रतिसाद. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

वेदवती

मुकादमकाका, कुत्र्यांचं उदाहरण तुम्ही विरोधासाठी दिलंत, पण खरं उत्तर त्यातच आहे.

प्रजाती ठरवताना ‘किती वेगळे दिसतात’ हा प्रश्न दुय्यम असतो. मुख्य प्रश्न असा: या दोन गटांत जनुकांची देवाणघेवाण चालू आहे की थांबली? ग्रेट डेन आणि चिवावा यांचं थेट जमणार नाही, पण मध्ये शेकडो आकारांची कुत्री आहेत आणि गल्लीत ती कुणाचंही ऐकत नाहीत. माणसाने निवड थांबवली तर काही पिढ्यांत सगळं मिसळून गावठी कुत्रंच होईल. म्हणजे फरक डोळ्यात भरणारा, पण वेगळेपण माणसाने धरून ठेवलेलं. हळद्यांचं उलट आहे. फरक बारीक, पण तो कुणीही राखत नसताना टिकून आहे.

शाळेतली व्याख्या मुख्यतः अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाची, १९४२ ची. तिच्यात एक अट असते जी पाठ्यपुस्तकात हळूच गळते: संकर निसर्गात, आपणहून व्हायला हवा. प्राणिसंग्रहालयात एका पिंजऱ्यात वाढवले तर सिंह आणि वाघ यांनाही पिल्लं होतात, त्यातल्या माद्या कधीकधी प्रजननक्षमही निघतात. म्हणून कुणी सिंह-वाघ एक मानत नाही. घोडा-गाढवाचं सोपं आहे. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराला येतात ६३. जोड्या नीट लागत नाहीत, खेचर जवळजवळ नेहमीच वांझ.

आता रानवाट, तुमची अडचण. दोन गट विणीच्या काळात एकमेकांना भेटतच नसतील तर ‘आपणहून संकर’ तपासायचा कसा? इथे मायरची व्याख्या हात टेकते आणि अंदाज सुरू होतात. एकमेकांचं गाणं ऐकवलं तर नर चिडतो का? जनुकांत किती अंतर पडलंय? जे दोन गट शेजारी राहूनही मिसळत नाहीत, त्यांच्यातल्या फरकाच्या तुलनेत यांचा फरक कमी की जास्त? हा सगळा पुरावा तोलून कुणीतरी म्हणतो ‘दोन’. नवा पुरावा आला की कुणीतरी म्हणतो ‘एक’. यादीतलं नाव हे एक अनुमान असतं, त्यामुळे ते बदलणारच.

आणि ज्यांना लिंगभेदच नाही अशा जिवाणूंना किंवा जीवाश्मांना ही व्याख्या मुळात लागूच होत नाही. त्यामुळे आज प्रजातीच्या वीसहून अधिक व्याख्या वापरात आहेत.

---

मुकादम

वीस व्याख्या! म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं की. जिथे वीस व्याख्या, तिथे एकही नाही. दोन प्रजातींमधली रेघ सोयीची आहे, निसर्गात नाही, एवढं कबूल करून टाका.

---

रानवाट

वेदवती, ‘फरक टिकून आहे’ हे पटलं. पण मुकादमांचा मुद्दाही मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. रेघ खरी असेल तर ती कुठेतरी तयार होताना दिसायला हवी ना?

---

वेदवती

दिसते. आणि तिच्या एका टोकाचा पाहुणा दर हिवाळ्यात तुमच्या परसात येतो.

ग्रीनिश वॉर्बलर तुम्ही पाहिलाच असणार. चिमणीहून लहान, हिरवट, झाडाच्या शेंड्यात सतत चुळबुळ करणारा वटवट्या. दिसण्याआधी त्याचा ‘च्विस्ली’ असा दोन तुकड्यांचा आवाज येतो. हा विणीला उत्तरेत जातो. त्याची वीण तिबेटच्या पठाराभोवती हातातल्या कड्यासारखी गोल पसरलेली आहे, कारण पठारावर झाडंच नाहीत. हिमालयापासून पश्चिमेला काश्मीर, किर्गिझस्तान करत एक बाजू सैबेरियात पोचते. दुसरी बाजू पूर्वेकडून चीनमार्गे सैबेरियात पोचते. दोन्ही टोकं मध्य सैबेरियात एकाच जंगलात भेटतात.

तिथे गंमत आहे. पश्चिमेकडून आलेल्याच्या पंखावर एक फिकट पट्टी, पूर्वेकडून आलेल्याच्या दोन. गाणी वेगळी. एकाचं गाणं ध्वनिमुद्रण करून दुसऱ्याच्या हद्दीत वाजवलं तर तो ढुंकून बघत नाही. तिथे ते सरळसरळ दोन प्रजातींसारखे वागतात. पण तुम्ही कडं उलटं फिरत हिमालयाकडे चालू लागलात तर दर टप्प्याला गाणं थोडं बदलतं, पट्टी थोडी बदलते, आणि शेजारी शेजाऱ्याशी जोडी जमवतोच. ‘इथे एक संपला, दुसरा सुरू झाला’ अशी खूण कुठेच सापडत नाही. आपल्याकडे बारा कोसांवर बोली बदलते म्हणतात, तसंच. वेंगुर्ल्याचा माणूस सावंतवाडीचं समजतो, सावंतवाडीचा पुढच्या गावाचं, पण मालवणी आणि झाडीबोली समोरासमोर बसवली तर हसू येईल.

टाइसहर्स्टने १९३८ मध्ये या कड्याचं वर्णन केलं होतं. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये गाणी आणि जनुकं घेऊन ते तपासलं. काका, तुमच्यासाठी पुढचा भागही सांगते: २०१४ मध्ये पूर्ण जनुकसंच पाहिले तेव्हा कळलं की कडं वाटलं होतं इतकं अखंड नव्हतं. पूर्वी कधीतरी ते मध्येच तुटलेलं होतं, आणि सैबेरियातल्या दोन टोकांतही थोडी देवाणघेवाण झालेली आहे. निसर्ग पाठ्यपुस्तकाएवढा स्वच्छ नाहीच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: रेघ खोटी नाही, ती ओली आहे. काही ठिकाणी लाखो वर्षांपूर्वी वाळली, तिथे भांडण होत नाही. मोर आणि कोंबडा एक की दोन असं कुणी विचारत नाही. भांडणं होतात ती अजून ओल्या असलेल्या ठिकाणी, आणि याद्या नेमक्या तिथेच दरवर्षी बदलतात.

---

कातळसडा

वेदवतीताई, वाचनखूण साठवली. आमच्या सह्याद्रीची भर घालतो.

आंबोलीत मे-जूनचे पहिले वळीव पडले की जांभ्याच्या सड्यावर उथळ डबकी साठतात. त्यात पिवळेजर्द, अंगावर वाघासारखे पट्टे असलेले छोटे भेक (टोड) जमतात. सगळा विणीचा कारभार त्या बोटभर पाण्यात उरकायचा. वर पुन्हा ऊन पडलं आणि डबकं आटलं तर अंडी गेली. हाच आंबोली टायगर टोड. २००९ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळालं, झँथोफ्राइन टायगरिना. त्याचा सख्खा भाऊ कोयना-चांदोलीकडे आहे, त्याचं वर्णन १९६३ मध्येच झालं होतं. तेव्हा त्याला साध्या भेकांच्या ‘बुफो’ या भल्यामोठ्या जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात) टाकलं होतं. २००९ मध्ये या दोघांसाठी वेगळं घर बांधलं.

आता भेक म्हणजे काही हळद्या नाही. तो उडत नाही, कोरड्यात लांब चालत नाही. दोन सड्यांच्या मध्ये खोल दरी आली की त्याच्यासाठी जग संपलं. म्हणून पक्ष्यांत एक प्रजाती हजारो किलोमीटर पसरते आणि बेडकांत दर डोंगराला वेगळी निघते. सह्याद्रीत गेल्या वीस वर्षांत बेडूक आणि पालींच्या नव्या प्रजातींची रांग लागली ती त्यामुळे. २०१४ मध्ये नाचऱ्या बेडकांच्या एकाच शोधनिबंधात १४ नव्या प्रजाती होत्या. पूर्वी भातखाचरातला कुठलाही मध्यम आकाराचा बेडूक दिसला की ‘लिम्नोकॅरिस’ लिहून मोकळे व्हायचे. ते नाव मुळात जावा बेटावरच्या बेडकाचं! आवाज मुद्रित करून आणि जनुकं तपासून पाहिल्यावर कळलं की आपल्याकडे त्या नावाखाली बरेच जण नांदत होते.

आणि डोंगरच लागतो असंही नाही. जांभळा बेडूक माहीत असेल, नासिकाबॅट्रॅकस. वर्षभर जमिनीखाली, विणीपुरता वर. २००३ मध्ये केरळातून त्याचं वर्णन झालं. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत, म्हणजे भारत आणि सेशेल्स जोडलेले होते तेव्हाची ती जुनी शाखा. २०१७ मध्ये घाटाच्या पूर्व उतारावरून, तमिळनाडूतून, त्याचा दुसरा भाऊ सापडला. पश्चिमेकडचा नैऋत्य मोसमी पावसाच्या तोंडावर विणीला वर येतो. पूर्वेकडचा पर्जन्यछायेत, त्याचा पाऊस ईशान्य मोसमीचा. एकाच डोंगराच्या दोन अंगांना राहायचं, पण लग्नाचे मुहूर्तच वेगळे. मग भेट होणार कधी?

---

झिपरी

लग्नाचे मुहूर्त 😂

एक बाळबोध शंका. दरी किंवा पाऊस आडवा आला म्हणून भेट थांबली, इथपर्यंत कळलं. पण नुसतं भेटलं नाही म्हणून वेगळं का व्हायचं? माझी आत्या नायजेरियात आहे, ती काही वेगळी प्रजाती झाली नाही.

---

वेदवती

झिपरी, बाळबोध अजिबात नाही. भेट थांबणं ही फक्त सुरुवात. दोन्हीकडे नवे जनुकबदल होत राहतात आणि ते पलीकडे पोचत नाहीत. काही नुसत्या योगायोगाने पसरतात, काही त्या जागेला सोयीचे म्हणून. मादीला आवडणारा आवाज थोडा सरकतो, विणीचा काळ सरकतो. हजारो-लाखो पिढ्यांनी दरी बुजली तरी दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, किंवा ओळखलं तरी पिल्लं धड निपजत नाहीत. दरी आधी बुजली तर परत मिसळून जातात, आणि प्रजाती होता होता राहते. अशा राहून गेलेल्या प्रजाती किती असतील!

पालघाटच्या खिंडीचं उदाहरण बघा. घाटाची उंच रांग तिथे जवळपास तीस-चाळीस किलोमीटर तुटते. उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला अन्नमलै. शोला जंगलातल्या निळ्या रॉबिनसारख्या पक्ष्यांना उंचावरचं थंड जंगल लागतं, ते खाली उतरून खिंड ओलांडत नाहीत. उडता येत असूनही अडकले. दोन्हीकडचे आज दोन प्रजाती मानले जातात, आणि २०१७ मध्ये त्यांच्यासाठी ‘शोलिकोला’ हा वेगळा जीनसही झाला.

आत्या विमानाने येते-जाते तोवर काळजी नको.

---

गव्हाळ

शेतीखात्यातून निवृत्त. प्राण्यांवरच चर्चा चालली आहे म्हणून वनस्पतींची बाजू मांडतो, कारण आमच्याकडे लाखो पिढ्या थांबायची गरज नसते.

सांगली-सातारकडचा खपली गहू घ्या. गुणसूत्रं २८. आपल्या चपातीच्या सरबती-लोकवनची ४२. बन्सीही २८ वाला. हे आकडे असे का? खपलीच्या जातकुळीचा गहू पश्चिम आशियात शेतात उभा होता. बांधावर एक रानगवत होतं, एजिलॉप्स टॉश्ची, त्याची १४. दोघांचा संकर झाला. खेचरासारखा तो वांझच राहायचा, पण वनस्पतीत कधीकधी पेशी विभागताना चुकते आणि सगळी गुणसूत्रं दुप्पट होतात. प्रत्येक गुणसूत्राला आपोआप जोडीदार मिळतो. २८ आणि १४, बेरीज ४२, आणि रोप सुपीक! साधारण आठ-दहा हजार वर्षांपूर्वी असं झालं. एक-दोन पिढ्यांत नवी प्रजाती, डोंगर नको की दरी नको. म्हणून ४२ गुणसूत्रांचा रानटी गहू जगात कुठेही सापडत नाही. तो शेतातच जन्मला.

आता मुकादमसाहेबांना आवडेल असा भाग. खपलीचा आणि चपातीच्या गव्हाचा संकर केला तर ३५ गुणसूत्रांचं रोप येतं. दाणे फार कमी भरतात, पण अगदीच शून्य नाही. त्या फटीतून पैदासकारांनी खपलीतली तांबेऱ्याला दाद न देणारी जनुकं चपातीच्या गव्हात नेली. ऑस्ट्रेलियात असा एक वाण केला, त्याचं नावच ‘खॅपस्टीन’. त्यातलं ‘खॅप’ म्हणजे आपली खपली. तेव्हा रेघ आहे, पण तिला दार आहे. फक्त ते दार ढकलायला कष्ट पडतात.

---

मुकादम

गव्हाळराव, हे मात्र आवडलं. खॅपस्टीन! पण तुम्ही सगळे मिळून माझ्याच बाजूने पुरावे देताय हे लक्षात येतंय ना? रेघ ओली काय, रेघेला दार काय.

---

टोरांटोकर

काका, उलट बाजूचा पुरावा हवा असेल तर आमच्याकडचा घ्या. कॅनडात हिवाळ्यात फीडरवर रेडपोल नावाचे छोटे पक्षी येतात. डोक्यावर लाल टिळा. काही गडद, काही अगदी पांढुरके. कित्येक वर्षं लोक दुर्बिणी घासून कॉमन रेडपोल आणि होरी रेडपोल वेगळे करत बसले. २०२१ मध्ये जनुकं नीट तपासली तर जनुकसंच जवळपास सारखाच. एका गुणसूत्रावरचा जनुकांचा एक गठ्ठा उलटा बसलेला आहे, आणि रंग व चोचीचा आकार बराचसा त्यावर ठरतो. म्हणजे फरक डोळ्याला दिसतो, पण देवाणघेवाण चालूच. २०२४ मध्ये सगळे रेडपोल एकत्र करून एकच प्रजाती केली. माझा एक पक्षी गेला यादीतून, आणि निबंध लिहिणाऱ्यांना त्यात एकही नवं नाव मिळालं नाही. हौसच असती तर कुणी आपणहून यादी कमी केली असती का?

अवांतर: आतापर्यंत तीन-चार जागतिक याद्या होत्या, प्रत्येकीत वेगळा आकडा. २०२५ मध्ये त्या एकत्र करून ‘अ‍ॅव्हीलिस्ट’ आली, तिच्यात ११,१३१ प्रजाती आहेत. निदान भांडण आता एका फडात होईल.

---

कातळसडा

मुकादमकाका, रेघ सोयीची म्हणून सोडून देणं इथे गावात परवडत नाही. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात एक बोटभर मासा आहे. २०२० मध्ये त्याचं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ म्हणून वर्णन झालं, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा त्याआधीही होताच. लोक पाया पडायला जायचे तेव्हा पायाशी फिरायचा. पण ‘मुरा माशाचा कुठलातरी प्रकार’ यासाठी कुठलाही सरकारी कागद हलत नाही. टायगर टोडचंही तसंच, नाव मिळालं तेव्हा तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. आता पावसात रस्त्यावर गाड्यांखाली मरतात तेव्हा निदान कुणीतरी विचारतं.

---

रानवाट

या धाग्याने पैसे वसूल. एक शेवटची शंका. प्रजातीची रेघ ओली, पण वरच्या पायऱ्या तरी पक्क्या आहेत ना? वर्ग, गण, कुल वगैरे?

---

वेदवती

उलट आहे! प्रजातीच्या रेघेला निदान ‘मिसळतात का’ ही कसोटी आहे. कुल कुठे संपतं आणि गण कुठे सुरू होतो याला निसर्गात कसलीच कसोटी नाही. त्या उंचीवर मात्र मी काकांच्या पक्षात. आज तिथे एकच नियम कडक पाळतात: गट करायचा तर एका पूर्वजाची सगळी पिलावळ आत घ्यायची, सोयीने कुणाला बाहेर ठेवायचं नाही. मगर दिसते पालीसारखी, पण नात्याने ती चिमणीच्या जवळची आहे. दोघींच्या हृदयाला चार कप्पे, आणि दोघींचा समान पूर्वज पालीशी असलेल्या समान पूर्वजापेक्षा अलीकडचा. तेव्हा सरीसृपांत मगर घ्यायची तर चिमणीही घ्यावी लागते. शाळेच्या पुस्तकात पक्षी आणि सरीसृप अजून वेगवेगळ्या धड्यांत आहेत, ते सवयीने.

---

मुकादम

चिमणी सरपटणारी. बरं. आता झोपतो.

गव्हाळराव, ते खपलीचं खात्रीचं बियाणं सांगलीकडे कुठे मिळेल? गावाकडे अर्धा एकर करून बघायचा आहे. पेरणी कधी करायची तेही सांगा.

---

गव्हाळ

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सोडू नका, आणि पाणी बेताने द्या, नाहीतर लोळते. कांडायला यंत्र लागेल, तूस सहजी सुटत नाही. बियाण्याचं व्यक्तिगत निरोपात कळवतो.